घरच्या घरी निळीने कापड रंगवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निळीबद्दल विचारणारे बहुतेक जण थेट म्हणतात, रेसिपी द्या. मी आधी विचारते, कापड कुठलंय? रेशीम असेल तर तासाभरात काम होतं, सुती असेल तर दोन-तीन दिवस धरून चाला. हे एवढं कळलं की निम्मी डोकेदुखी जाते, म्हणून खालच्या उत्तरांत मी परत परत त्याच मुद्द्यावर येणार आहे, कंटाळू नका.

सगळ्यात सोपी पद्धत कुठली?

रेशीम किंवा लोकर असेल तर ताजी पानं आणि गार पाणी, बस्स. चूल नको, चुना नको, काही नको. सुती, खादी, मांजरपाट, मलमल यातलं काही असेल तर निळीची पावडर किंवा घरी काढलेला गाळ घेऊन चुना आणि गोड काहीतरी घालून व्हॅट लावायचा. व्हॅट म्हणजे ज्यात नीळ विरघळलेली असते असं पातेलं. जुने रंगारी यासाठी जमिनीत रांजण पुरायचे, आपल्याला झाकणाची प्लॅस्टिकची बादली किंवा स्टीलचा उंच डबा पुरतो. फक्त अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, चुना ते खातो.

झेंडू किंवा डाळिंबाची सालं कशी उकळून रंग काढतो, तसं निळीचं का करता येत नाही?

कारण पानात निळा रंग तयार नसतोच. पानात इंडिकॅन नावाचा बिनरंगाचा पदार्थ असतो. पान चुरगळलं किंवा पाण्यात भिजलं की पानातलंच एक एन्झाइम तो पदार्थ तोडतं आणि त्यातून इंडॉक्सिल सुटतं, मग हवा लागली की दोन-दोन इंडॉक्सिल जोडून नीळ बनते. आता गंमत अशी की नीळ एकदा बनली की ती पाण्यात विरघळत नाही, कितीही उकळा, नुसती तळाशी जाऊन बसते. म्हणून दोनच रस्ते उरतात. एक तर नीळ बनायच्या आत, म्हणजे इंडॉक्सिल असतानाच कापडात शिरवायची, ही ताज्या पानांची पद्धत. नाहीतर बनलेल्या निळीतला ऑक्सिजनचा परिणाम उलटा फिरवून तिला पिवळट-हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात आणायचं आणि कापडात शिरल्यावर परत हवा द्यायची, हा व्हॅट. बाकी जगभरच्या बहुतेक रेसिप्या या दोनातल्याच कुठल्यातरी आहेत, नावं वेगळी.

झाड कुठलं? आमच्याकडे रानात आहे बहुतेक.

आपल्याकडची नीळ म्हणजे गुळी, शास्त्रीय नाव इंडिगोफेरा टिंक्टोरिया. कमरेपर्यंत ते छातीपर्यंत वाढणारं झुडूप, शेवग्यापेक्षा बारीक संयुक्त पानं, गुलाबीसर बारीक फुलांचे तुरे आणि काडीसारख्या बारीक शेंगा. रानात हिच्यासारखीच दिसते ती उन्हाळी म्हणजे शरपुंखा, आणि बरेच जण तीच पोतंभर तोडून आणतात आणि मग म्हणतात रंगच आला नाही. उन्हाळीचं पातं टोकाला धरून ओढलं की व्ही आकारात तुटतं आणि शेंगा चपट्या असतात, एवढी खूण लक्षात ठेवा. तरी शंका असेल तर पाच-सहा पानं पांढऱ्या रेशमाच्या चिंधीत घालून ठेचा आणि चिंधी हवेत ठेवा. थोड्या वेळाने डाग पाण्याखाली धुवा, हिरवा धुऊन जाऊन खाली निळसर राहिला तर तुमची गुळी, नुसता शेवाळी डाग राहिला तर नाही.

सह्याद्रीत आणखी एक झाड आहे, काळा कुडा. त्याच्या पानांतही नीळ आहे आणि दक्षिणेत पूर्वी काढायचे, पण त्याला गरम पाणी लागतं, गार पाण्यात नुसतं भिजवून भागत नाही. पहिल्यांदाच करताय तर कुड्याच्या नादी लागू नका. जपानी नीळ (पर्सिकारिया) वेगळी, तिची पानं मोठी नि मऊ असतात आणि ताज्या पानांच्या कामाला ती फार छान, फक्त तिला पाणी भरपूर लागतं आणि आपला कडक उन्हाळा सोसत नाही.

कुंडीत येते का?

येते. बी कडक सालीचं असतं म्हणून कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, जूनच्या पहिल्या पावसात पेरा, ऊन भरपूर द्या. तीन महिन्यांत कापणीला येते. फुलं धरायला लागली की कापायची, शेंगा भरेपर्यंत थांबलात तर पानातला माल कमी होतो. जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, परत फुटते. शेंगवर्गी आहे त्यामुळे मातीत नत्र सोडते, खत फार घालायची गरज नाही. पण मनात हिशोब ठेवा की चार कुंड्यांत एक रेशमी स्टोल होईल, पाच मीटर खादी होणार नाही.

ताज्या पानांनी रेशीम रंगवायचं कसं?

रेशीम आधी सौम्य साबणाने किंवा रिठ्याने धुवा आणि ओलंच ठेवा. कापडाच्या कोरड्या वजनाच्या चौपट-पाचपट पानं घ्या. झाडावरून तोडली की तासाभरात वापरायची, फ्रिजमध्ये ठेवून उद्या करू असं म्हणू नका. देठ काढून पानं मिक्सरमध्ये घाला, बर्फाचं पाणी आणि चार-पाच बर्फाचे खडे टाका, थोडक्यात फिरवा. बर्फ कशाला तर गारव्याने ते एन्झाइमचं काम हळू होतं आणि आपल्याला वेळ मिळतो. पंच्यातून गाळा, हिरवागार रस मिळेल, त्यात लगेच रेशीम सोडा आणि दहा ते वीस मिनिटं हाताने हलवत राहा म्हणजे डाग पडणार नाहीत. बाहेर काढलं की कापड पोपटी दिसतं. झटका, पसरा, वाऱ्यावर धरा, मग गार पाण्यात खळबळून धुवा. हिरवं निघून जातं आणि खाली जो रंग राहतो तो बाजारातला गडद निळा नसतो, तो फिरोजी असतो, स्वच्छ आणि थोडा थंड. मला तर हा रंग व्हॅटच्या निळ्यापेक्षा जास्त आवडतो, पण ज्यांना जीन्ससारखा निळा हवाय त्यांची निराशा होते, तेव्हा आधीच सांगितलेलं बरं.

मिक्सर नसेल तर मीठ. पानं परातीत घ्या, चमचाभर-दोन चमचे मीठ टाका आणि कणीक मळतो तसं मळा. मिठाने पानातून पाणी सुटतं. रस गडद झाला की त्यातच ओलं रेशीम घालून पाच-दहा मिनिटं मळत राहा. मुलांबरोबर करायचं असेल तर हीच पद्धत बेस्ट.

एक मात्र, रस गरम होऊ देऊ नका. गरम झाला तर निळ्याऐवजी जांभळटपणा येतो, कारण इंडिरुबिन नावाचा लालसर भाऊबंद तयार होतो. काही जण मुद्दाम तसं करतात, तो वेगळा खेळ.

हेच सुती ओढणीवर केलं तर?

फिकट येईल, बऱ्याचदा अगदीच फिकट, कधीकधी नुसता राखाडी-हिरवा. रेशीम नि लोकर प्रथिनांची, ती इंडॉक्सिल पटकन धरतात, सुताला ते जमत नाही. थोडी पळवाट आहे, सुती कापड आधी पातळ सोया दुधात भिजवून वाळवून घ्यायचं, मग त्यावर प्रथिनाचा थर बसतो आणि रंग जरा बरा धरतो. पण खरं सांगायचं तर सुतासाठी व्हॅटच.

जपानी नीळ मिळालीच तर सुतावर एक करता येतं, पान कापडावर ठेवून वर प्लॅस्टिक घालून हातोडीने ठोकायचं, पानाचा शिरांसकट ठसा उमटतो. गुळीची पानं बारीक असतात, ठसा येतो पण नक्षी जमवायला चिकाटी लागते.

भरपूर पानं आहेत, त्यांची नीळ काढून साठवायची कशी?

हे काम घाणेरडं आहे पण अवघड नाही. सकाळी पानं फांदीसकट कापा, बादलीत दाबून भरा, वर पाणी बुडेपर्यंत ओता आणि ताटली ठेवून दगड ठेवा, कारण पाण्यावर राहिलेलं पान नुसतंच कुजतं. उन्हाळ्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये दहा-बारा तासांत होतं, थंडीत चोवीस तास किंवा जास्तही लागतात. घड्याळापेक्षा पाण्याकडे बघा. पाणी पिवळट-हिरवं होऊन त्यात निळसर झाक यायला लागते, वर पातळ तांबूस चमक येते, वास गोडूस-आंबूस असतो. वास शेणाकडे झुकला म्हणजे उशीर झालाय, माल कमी मिळेल पण मिळेल, फेकू नका.

पानं उचला, पिळा, कंपोस्टात टाका. पाणी गाळून घ्या. आता खायचा चुना वेगळ्या वाटीत पाण्यात कालवून घाला, दहा लिटरला साधारण वीस-तीस ग्रॅम. चुना घातल्यावर पाणी एकदम पिवळट-हिरवं दिसायला लागतं. मग हवा द्यायची. एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून ओतत राहायचं, पंधरा-वीस मिनिटं तरी, कंबर धरते. इथे फेसाकडे लक्ष द्या, कारण सगळी बातमी फेसातच आहे. सुरुवातीला फेस हिरवट, मग चक्क निळा होतो, भरगच्च उभा राहतो, आणि मग हळूहळू परत पांढुरका होऊन पटकन बसायला लागतो. बसायला लागला की थांबा.

रात्रभर हलवू नका. सकाळी नीळ तळाला, वर चहासारखं तपकिरी पाणी. वरचं पाणी नळीने ओढून काढा, खालचा गाळ जाड सुती फडक्यात बांधून टांगा. जी पेस्ट उरते ती बरणीत ओली ठेवली तरी चालते नाहीतर ताटलीत पसरून वाळवा. किती मिळते? एक किलो ताज्या पानांतून हातात मोजके ग्रॅमच येतात. म्हणूनच चांगली नीळ महाग असते, दुकानदाराशी भांडू नका.

विकतची नीळ घेऊन सुती कापड रंगवायची सोपी रेसिपी?

फ्रेंच वनस्पती-रसायन जाणकार मिशेल गार्सिया यांनी एक-दोन-तीनचं सूत्र लोकप्रिय केलंय, आणि घरात करायला मला तरी हेच सोयीचं वाटतं. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज (फळातली साखर), वजनाने. दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम कोरडा (विझवलेला) चुना, १५० ग्रॅम फ्रुक्टोज घेतलं तर मध्यम-गडद व्हॅट होतो. ओला चुना घेतलात तर जवळपास दुप्पट घ्या, त्यात पाणीच जास्त असतं. चुना जुना, उघडा पडलेला नको, हवेने तो मरतो. कळीचा चुना घरी विझवायच्या भानगडीत पडू नका, उकळून अंगावर उडतो.

फ्रुक्टोज नसेल तर काकवी, खजूर किंवा साल काळी पडलेली केळी उकळून त्यांचं पाणी. गूळ चालतो का हा पुढचा प्रश्न असतोच, तर चालतो पण हळू, कारण गुळात साधी साखर जास्त आणि ती या कामाची नाही, कामाची ती त्यातली थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोज. काकवीत ते जास्त असतं.

आता कृती. नीळ पावडर बाटलीत घ्या, कोमट पाणी आणि आठ-दहा काचेच्या गोट्या टाका, खळखळ हलवा, गुठळी राहता कामा नये. पातेल्यात पाणी चांगलं गरम करा, हात घालवणार नाही इतपत, उकळी नको. त्यात फ्रुक्टोज, मग नीळ, मग चुना हळूहळू. चुना घालताना हातात रबरी मोजे आणि डोळ्याला चष्मा, यात तडजोड नाही. सावकाश हलवा, भोवरा करा पण बुडबुडे काढू नका, झाकण ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा हलवा. पाऊण तास-तासाने बघा.

तयार झाला हे कसं ओळखायचं?

वर तांब्यासारखी चमकणारी साय, मधोमध निळ्या फेसाचा गोळा, आणि फेस बाजूला केला की खालचं पाणी निळं नाही तर पिवळं-तपकिरी, पारदर्शक. पाणी अजून निळं दिसतंय म्हणजे झालेलं नाही, थांबा. हिरवं दिसतंय म्हणजे अर्धवट झालंय. गरम ठेवा, चमचाभर फ्रुक्टोज अजून घाला आणि रात्रभर झाकून ठेवा, नव्वद टक्के वेळा सकाळी ठीक असतं. पाणी किती आम्ल किंवा क्षारीय आहे ते दाखवणारा पीएच पेपर मिळतो, सुतासाठी पीएच १० ते ११ च्या मधे हवा.

कापड घालायचं कसं?

आधी खळ काढा. नवीन मांजरपाट धुण्याचा सोडा घालून तासभर उकळलं तर पाणी अक्षरशः चहा होतं, ती घाण राहिली तर निळीचे ठिपके पडतात. कापड ओलं करून, नीट पिळून, वरची साय बाजूला सारून हळूच बुडवा. तळाला चुन्याचा गाळ असतो त्याला टेकू देऊ नका, आत एखादी जाळी टाकली तर बरं. पाण्याखालीच कापड उलगडत राहा, पाच-दहा मिनिटं. बाहेर काढताना भांड्याच्या कडेला पृष्ठभागालगत पिळा, उंचावरून थेंब पडले की त्यांच्याबरोबर हवा आत जाते आणि व्हॅट दमतो.

बाहेर आलं तेव्हा कापड पिवळट-पोपटी असतं. मग घडीच्या कडांपासून हिरवं, मग आतपर्यंत निळं चढत जातं, डोळ्यांदेखत. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण हवा लागू द्या, मग परत बुडवा.

गडद रंग येतच नाही. नीळ जास्त टाकू का?

नाही, फेऱ्या वाढवा. एकदा अर्धा तास बुडवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ बुडवलं की रंग गडद तर येतोच, शिवाय टिकतो. घट्ट व्हॅटमध्ये एकदाच बुडवलेलं कापड पहिल्या धुण्यातच उतरतं आणि मग लोक म्हणतात नैसर्गिक रंग कच्चा असतो. निळीला तर उलट फार पक्का मानतात, थोडं घासून फिकं होणं तिचा स्वभाव आहे, ते जीन्सलाही होतं. ओलं असताना रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर उतरतो हेही लक्षात घ्या, म्हणजे हव्या त्यापेक्षा दोन छटा पुढे जा. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून खळबळा, चुना निघतो, मग सौम्य साबणाने धुवा.

तुरटी लावायची का आधी?

नाही. निळीला तुरटी लागत नाही.

हायड्रो टाकलं की दहा मिनिटांत होतं म्हणतात?

होतं. सोडियम हायड्रोसल्फाइट आणि कॉस्टिक सोडा, बरेच कारखाने तेच करतात. पण वास डोक्यात जातो, कॉस्टिक हाताला भाजतं, आणि घरातल्या बाथरूममध्ये हे करायला मी तरी कुणाला सांगणार नाही. हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि चुन्याचा व्हॅट जुना आहे, सुतावर उत्तम, फक्त गाळ भयंकर आणि रेशमाला नको. रेशीम-लोकर तशीही जास्त चुन्यात खराब होते.

टाकळ्याच्या बियांचं काय ऐकलं?

बरोबर ऐकलंत, आपण पावसाळ्यात ज्याची भाजी खातो तोच. तमिळनाडू-आंध्रकडे टाकळ्याच्या बिया उकळून, चुना किंवा सोडा घालून नीळ आंबवतात. जिवाणू काम करतात त्यामुळे उबदार जागा आणि बरेच दिवस लागतात, पण एकदा लागला की खायला घालत राहायचं आणि तो चालत राहतो. पावसाळा संपल्यावर रस्त्याकडेला टाकळ्याच्या वाळक्या शेंगा फुकट मिळतात. हौस असेल तर करा, पण पहिला व्हॅट म्हणून नको, कारण बिघडला तर नक्की काय बिघडलं हे नवख्याला कळत नाही.

केसांना लावायची इंडिगो पावडर चालेल? आणि किराण्यातली नीळ?

केसांची पावडर हिरवी असते, ती नुसती वाळवलेली पानं. केस प्रथिनांचे म्हणून तिथे चालते, त्याच न्यायाने रेशमावर थोडीफार चालेल, सुताच्या व्हॅटला ती पुरणार नाही. पाकिटावर पीपीडी (केस काळे करायचं रसायन) लिहिलंय का बघा, असेल तर ती आपल्या कामाची नाही. रंगाची नीळ गडद निळी, कधी ढेप कधी पूड, नखाने घासली की तांबूस चमकते. तमिळनाडूत तिंडिवनमच्या आसपास तिची शेती अजून होते, बरीचशी खरी नीळ तिकडूनच येते.

किराण्यातली कपडे पांढरेशुभ्र करायची नीळ ही नीळच नाही, वेगळीच रसायनं आहेत, तिने व्हॅट होत नाही.

डिझाईन कसं काढायचं? ठसा उमटवता येतो का?

निळीने सरळ ठसा मारणं कठीण, कारण हवेत येताच ती निळी होऊन वर वर बसते. म्हणून उलटं करतात, जिथे निळा नको तिथे झाकतात. कच्छच्या अजरख छपाईत चुना नि गोंदाचा लेप ठशाने लावतात, राजस्थानच्या दाबू छपाईत चिखल. घरी दोरा, रबरबँड, कपड्यांचे चिमटे, घडीत दाबलेल्या लाकडी पट्ट्या. हरभरे बांधून बांधणी करा, छान बारीक वर्तुळं येतात.

हिरवा हवा असेल तर?

आधी निळा, मग तुरटी लावून डाळिंबाच्या सालीत किंवा झेंडूत. हळद नको, उन्हात उडते आणि तुमचा हिरवा परत निळा होतो.

एवढं झाड आपलं, मग नीळ गेली कुठे?

बाएर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती प्रयोगशाळेत बनवली, १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने बाजारात आणली आणि काही वर्षांत शेतातल्या निळीचा भाव कोसळला. शेतकऱ्याला तर ती कधीच नको होती, बंगालात १८५९ मध्ये उठाव झाला, १९१७ ला बिहारात गांधीजींचा चंपारण सत्याग्रह झाला, कारण भातखाचरात जबरदस्तीने नीळ पेरायला लावायचे. आज कुणी निळीचं गोड गोड मार्केटिंग करायला लागलं की मला हे आठवतं, असो.

फ्लॅटमध्ये वास येईल का? उरलेलं पाणी कुठे ओतू?

फ्रुक्टोजचा व्हॅट जवळजवळ वास मारत नाही. पानं भिजवण्याचा येतो, ते गच्चीत करा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. भिजवलेल्या पानांचं चुना न घातलेलं पाणी झाडांना चांगलं. चुन्याचा गाळ मात्र बागेत टाकू नका, आपल्याकडची काळी माती आधीच चुनखडीची, त्यात भर नको. व्हॅट दमला असं वाटलं तरी लगेच ओतू नका, गरम करून थोडं फ्रुक्टोज दिलं की फिकट आकाशी रंग बराच काळ देत राहतो. अगदीच संपला की व्हिनेगरने चुना मारून, भरपूर पाणी मिसळून मोरीत. पांढऱ्या फरशीवर थेंब पडला तर तेव्हाच पुसा, आणि मोजे घालायचा कंटाळा केलात तर नखं आठवडाभर निळी राहतील, लग्नसराई असेल तर तारखा बघून करा.